पांढरीच्या टेकाडावर, साल 2071

साल 2071. पौषातली सकाळ आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावाजवळ, घोड नदीच्या काठी तुम्ही उभे आहात. भोवती उसाचे मळे, पाण्यावरून येणारा गार वारा आणि समोर शेतातून जेमतेम नजरेत भरेल असा एक उंचवटा. परगावच्या माणसाला तो नुसता उंचवटा वाटेल. गावाला मात्र ठाऊक आहे की ही पांढर आहे. इथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, त्यांच्यावर नव्या उभ्या राहिल्या आणि त्या सगळ्याची राखमाती साचून जमिनीचा रंगच बदलला.

हे साल अजून उजाडलेलं नाही. पण आता तुम्ही जे पाहणार आहात, त्यातलं बहुतेक सगळं आजच कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत रांगतं आहे.

"या पाहुणे," उंचवट्यावरून एक तरुण मुलगी हाक मारते. ती याच गावची. पुण्यात पुरातत्त्व शिकली आणि इथेच कामाला परत आली. तिच्यासोबत गावच्या शाळेतली पंधरा-वीस मुलं आहेत. ती तुमच्या हातात एक चष्मा देते. "घाला. आणि चालताना खाली बघा, दगड आहेत. ते खरे आहेत."

चष्मा डोळ्यांवर येतो आणि तुमच्या पायाशी एक घर उभं राहतं.

चौकोनी घर आहे. चोपून केलेली जमीन, मध्ये खोलगट चूल, कडेला धान्याची बळद. हे सगळं इतकं स्पष्ट दिसतं की तुम्ही वाकून चुलीच्या काठाला हात लावू पाहता. मातीची बुटकी भिंत घोट्यापर्यंत तशीच ठसठशीत आहे. त्याच्या वर मात्र कूड विरळ होत जातो, आरपार दिसू लागतो. आणि छप्पर? त्याच्या नुसत्या रेघा आहेत.

"छप्पर अर्धवट का?" एक मुलगा विचारतो.

"कारण ते सापडलं नाही," ताई म्हणते. "जमीन सापडली, चूल सापडली, भिंतीचा पाया सापडला. खांबांचे खळगे सापडले, म्हणून खांब कुठे होते ते कळतं. कुडाचे ठसे असलेली माती सापडली, म्हणून भिंती कशाच्या होत्या ते बऱ्याच खात्रीनं सांगता येतं. छप्पर गवताचं असणार. पण उतार किती, उंची किती, हा अंदाज. जे पक्कं ते ठसठशीत, जे बहुधा ते विरळ, आणि जो अंदाज त्याच्या रेघा. आपल्या गावच्या चष्म्याचा हा नियम आहे."

ती चष्म्याच्या काडीवर बोट ठेवते. "आता आत जाऊ."

इ.स.पू. 1200

नदी तीच आहे. ऊस नाही. समोर सातूचं शेत आहे, नदीच्या पुराचं पाणी वळवून घेणारा चर आहे आणि त्याच्या कडेनं दगडमातीचा बांध. ही जोर्वे संस्कृती. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी 1950-51 मध्ये तिची ओळख पटली, म्हणून हे नाव. इनामगावची वस्ती तिच्याही आधी, साधारण इ.स.पू. 1600च्या सुमाराला सुरू झाली आणि इ.स.पू. 700च्या आसपास संपली.

दोन घरांच्या मधल्या बोळातून तुम्ही चालता. एका दारात पाट्यावर धान्य भरडलं जातंय, त्याची घरघर ऐकू येते. कोणीतरी तांबड्या, काळ्या नक्षीच्या, तोटीच्या भांड्यावर नख मारतं आणि ते खणखणतं. जोर्वेची उत्तम भाजलेली खापरं आजही अशीच वाजतात. पलीकडे गारेच्या दगडातून धारदार पाती काढली जातायत. अंगणात बोरं वाळत पडलीत. गुरं, शेळ्यामेंढ्या आहेत आणि कोणीतरी हरीण मारून आणलंय. या प्रत्येक गोष्टीचा पुरावा आहे: जळून कोळसा झालेले दाणे, बोरांच्या बिया, कापल्याच्या खुणा असलेली हाडं.

बायका आपसांत काही बोलतात. त्यांचे ओठ हलतात, पण शब्द तुमच्या कानावर येत नाहीत. या माणसांनी काही लिहून ठेवलेलं नाही. ती कोणती भाषा बोलत होती हे कोणालाच माहीत नाही आणि चष्मा त्यांच्या तोंडी खोटे शब्द घालत नाही. सगळं गाव आपापल्या कामात आहे. पाटा वाजतो, विस्तव तडतडतो, वासरू हंबरतं, फक्त माणसाचा शब्द नाही. थोड्या वेळानं तुमच्या लक्षात येतं की त्या न ऐकू येणाऱ्या बोलण्याकडेच तुमचे कान सर्वांत जास्त लागलेले आहेत.

एका घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवले आहेत. आत तान्हं मूल आहे. ते पुरल्यावर आईबाप त्याच जमिनीवर राहिले, जेवले, निजले. चष्मा तुम्हाला रांजण दाखवतो, आत डोकावू देत नाही. "ग्रामसभेनं ठरवलंय," ताई हलकेच सांगते. "हाडं अभ्यासाला द्यायची, प्रदर्शनाला नाही. दरवर्षी ठराव पुन्हा वाचतात. दोनदा वादही झाला."

मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली कापलेले आहेत. हे दृश्य ठसठशीत आहे, कारण सांगाड्यांवरून ते पक्कं आहे. त्याशेजारी हवेत काही रेघा तरळतात: मेलेल्यानं उठून घरापासून दूर जाऊ नये म्हणून असं केलं असेल. उत्खनन करणाऱ्यांनी सुचवलेलं हे कारण पटण्याजोगं आहे, तरीही ते रेघांमध्येच आहे. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात एक पुरुष बसवून पुरलेला आहे. त्याचे पाय शाबूत आहेत. शेजारी धान्याचं कोठार. हा गावचा प्रमुख असावा. "असावा" हा शब्द चष्म्यात त्याच्या डोक्यावर लिहिलेला दिसतो.

"हे सगळं कळलं कसं?" तुम्ही विचारता.

ताई जमिनीवरच्या एका खापराकडे बोट दाखवते. त्याच्या आतल्या बाजूला काळ्या शाईनं बारीक आकडे लिहिले आहेत. "त्या आकड्यावर बोट ठेवा."

1971

ऊन डोक्यावर आलंय. तुम्ही एका चौकोनी खड्ड्याच्या काठावर उभे आहात आणि खालून खडसावणी येते: "ओ पाव्हणं, कडंवर पाय देऊ नका, ढासळंल!"

बोलणारा गडी इथलाच. त्याच्या हातात खुरपी आहे आणि मातीचा रंग किंचित बदलला तरी त्याचा हात थांबतो. डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी शेजारी वही घेऊन बसलेत. कोणी ओळंबा सोडून खोली मोजतंय, कोणी आलेखाच्या कागदावर प्रत्येक दगड जिथल्या तिथे काढतंय, कोणी चाळणीतून माती गाळतंय. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली 1968 ते 1983 या काळात इथे 12 हंगाम काम चाललं. त्या काळी पुष्कळ ठिकाणी एखादा खोल खड्डा घेऊन थरांचा क्रम लावण्यावर भर असे. इथे त्यांनी आडवा विस्तार धरला, कारण त्यांना भांड्यांच्या क्रमापलीकडे जाऊन माणसं कशी राहत होती हे हवं होतं. 130हून अधिक घरं उजेडात आली. शेजारी कोण राहत होतं, कुंभाराची भट्टी कुठे होती, कोणाचं घर मोठं होतं, हे सांगता येऊ लागलं.

तुम्ही एका विद्यार्थिनीच्या खांद्यावरून वहीत डोकावता. खापर, खड्ड्याचं नाव, थर, खोली, तारीख. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. दुपारभर तेच. तिची बोटं मातीनं भरली आहेत आणि ती न कंटाळता लिहिते आहे. शंभर वर्षांनी कोणी चष्मा घालून या वहीवर बोट ठेवेल, हे तिच्या मनातही नाही. शिस्त म्हणून ती लिहिते.

त्या चष्म्यातलं जे जे ठसठशीत दिसलं, ते सगळं या वहीतून आलेलं आहे. 1988 मध्ये इनामगावचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला आणि हे ज्ञान अभ्यासकांच्या हाती पडलं. ढवळीकरांनी पुढे 'महाराष्ट्राची कुळकथा' लिहून ते मराठी वाचकाच्या घरात आणलं. संशोधन लोकांच्या भाषेत सांगणं हाही संशोधनाचाच भाग आहे, हे त्या पिढीनं मानलं.

2071, गावातली खोली

टेकाडाच्या पायथ्याशी ग्रामपंचायतीच्या जागेत एक थंड, कोरडी खोली आहे. कप्प्याकप्प्यांत खापरं, बिया, मातीचे नमुने. प्रत्येकावर चिठ्ठी. ताई एक लहानसं हाड दाखवते, कानाच्या आतल्या बाजूचं. सगळ्या सांगाड्यात सर्वांत घट्ट हाड हेच आणि डीएनए टिकला तर बहुधा याच्यातच टिकतो.

"आपल्याकडची उष्णता त्याची वैरीण," ती म्हणते आणि मुलांना राखीगढीची हकिगत सांगते. हरियाणातल्या त्या हडप्पाकालीन नगरीतल्या सांगाड्यांचे 61 नमुने तपासले, तेव्हा एकाच स्त्रीचा जनुकीय आराखडा हाती लागला. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. एका स्त्रीवरून सबंध समाजाबद्दल किती बोलायचं यावर मग देशभर कडाक्याचा वाद झाला. "आता साधनं पुष्कळ सुधारली आहेत. तरी जिथे काही उरलंच नाही, तिथे कुठलंही यंत्र काही निर्माण करू शकत नाही."

पण जे उरलंय ते बोलतं. दाताच्या आवरणात बालपणी प्यायलेल्या पाण्याच्या आणि खाल्लेल्या अन्नाच्या रासायनिक खुणा असतात. त्यावरून एखादी बाई याच गावात वाढली की लग्न होऊन दुसऱ्या खोऱ्यातून आली, याचा माग लागू शकतो. खापराच्या अंगात मुरलेल्या स्निग्धांशावरून त्यात दूध तापलं की मांस शिजलं हे ताडता येतं. म्हणून नमुन्याचं खापर आता धूत नाहीत, हातमोजा घालून उचलतात. गुहांमधल्या नुसत्या मातीतूनही प्राचीन डीएनए मिळू शकतो, हे 2017 मध्येच दिसून आलं होतं.

इनामगावच्या मुलांची हाडं तर 1971 नंतर किती वेळा नव्यानं वाचली गेली! वस्तीच्या शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकार आणि पशुपालन वाढलं. हवामान कोरडं झालं म्हणून असं घडलं, असं आधी मांडलं गेलं. पुढे त्याच जपून ठेवलेल्या हाडांकडे नव्या पद्धतींनी पाहिल्यावर त्या काळातल्या लहानग्यांची वाढ खुंटल्याचं दिसलं. आणि सगळा भार हवामानावर टाकणं पुरेसं आहे का, ही शंकाही पुढे आली. हा प्रश्न विचारता आला, कारण कोणीतरी प्रत्येक मूल कोणत्या घरातलं, कोणत्या थरातलं, हे लिहून ठेवलं होतं.

ताई आता भिंतीवर एक चित्र उमटवते. बैलजोडी जुंपलेला रथ, त्यावर उभा हाकणारा. सोबत हत्ती, गेंडा आणि रेडा. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये जमीन खणताना या ब्राँझच्या वस्तू एका शेतकऱ्याच्या हाती लागल्या. वजन सगळं मिळून 60 किलोहून अधिक. भारतात इतकं जुनं, इतकं देखणं धातुकाम क्वचितच सापडतं. पण या वस्तू अभ्यासकांनी थर पाहत, नोंद करत वर काढलेल्या नव्हत्या. त्या उत्तर हडप्पा काळातल्या की नंतरच्या, यावर विद्वानांचं एकमत झालं नाही. कोणी शैलीकडे बोट दाखवलं, कोणी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणाकडे.

"म्हणजे इतका भारी रथ," एक मुलगी म्हणते, "आणि तो किती जुना ते नक्की नाही. आणि आपलं हे फुटकं खापर..."

"त्याचं घर माहीत आहे," ताई म्हणते.

त्याच दुपारी

मुलांतला एक जण हळूच पुढे येतो. त्याच्याकडे एक चित्रफीत आहे. 2071 मध्ये कोणीही बसल्या जागी अशी बनवू शकतं. इनामगावचा सोन्याचा मुकुट घातलेला राजा त्यात खणखणीत मराठीत भाषण करतोय. मागे दगडी महाल आहे, सैन्य आहे. चित्र इतकं हुबेहूब की राजाच्या कपाळावरचा घामही दिसतो. "हे चष्म्यापेक्षा भारी आहे ताई. यात छप्पर पण आहे."

ती रागावत नाही. ती पूर्ण चित्रफीत शांतपणे पाहते, मग विचारते, "या महालाचा खड्डा कुठला?"

मुलगा गप्प होतो.

"मुकुट कोणत्या थरात मिळाला? कोणी मोजला? वही कुठे आहे? मी तुला आपल्या चुलीची वही दाखवू शकते. तारीख, खोली, लिहिणाऱ्याचं अक्षर. ज्या भट्टीतून ही खापरं निघाली तिचा नकाशा दाखवू शकते. माझं चुकत असेल तर तू त्या वहीवरूनच मला चूक ठरवू शकतोस. या राजाला चूक ठरवायचं तर कशावरून ठरवणार?"

आजवर डोळ्यांना खरं वाटेल असं दृश्य तयार करणं दुर्मिळ होतं, महाग होतं, म्हणून त्याला वजन होतं. पुढे तसं राहणार नाही. भूतकाळाची चित्रं नळाला पाणी यावं तशी येतील, प्रत्येक गटाला हवी तशी, हव्या त्या रंगाची, आणि प्रत्येकात छप्पर पुरं असेल. तेव्हा इतिहासाचा कस चित्राच्या सफाईवर लागणार नाही. चित्रातला कुठलाही तुकडा उचलून "हा कुठून आला?" असं विचारता यायला हवं आणि त्याचं उत्तर देणारी नोंद मातीपर्यंत जाऊन पोहोचायला हवी. ज्या इतिहासात ही सोय नाही, तो कितीही सुंदर असला आणि आपल्या अभिमानाला कितीही गोड लागला, तरी त्याच्यावर आपलं पोर सोपवू नये.

2071, पुणे

संध्याकाळी तुम्ही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहात. पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल इथे बांधलेले आहेत. मोडी लिपीत, घाईत, लेखणी न उचलता लिहिलेले कागद. एके काळी ते वाचू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत होती. आता यंत्र पानामागून पान वाचतं. व्हेसुव्हियसच्या राखेत जळून कोळसा झालेल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्यांमधला काही मजकूर त्या न उलगडता 2023-24 मध्ये वाचला गेला, तेव्हाच ही वाट दिसू लागली होती.

तुमच्या शेजारच्या मेजावर एक आजी बसल्या आहेत. त्यांनी फक्त आपल्या गावाचं नाव सांगितलंय. समोर कागद येत जातात: वतनाचे तंटे, पाटाच्या पाण्याची भांडणं, सारा माफ करण्याचे अर्ज, वेठीला नेलेल्यांच्या नोंदी. लढायांच्या इतिहासात ज्यांना कधी एक ओळही मिळाली नाही, ती माणसं या हिशेबाच्या कागदांत आहेत. कारण कर आणि दंड कोणालाच सोडत नाहीत.

यंत्रानं एक शब्द चुकीचा लावलाय. आजी थबकतात. "हे मळ्याचं नाव नाही. आमच्याकडे ओढ्याला असं म्हणतात." त्या दुरुस्ती नोंदवतात. यंत्राचं वाचन पुसलं जात नाही. दोन्ही वाचनं शेजारी शेजारी राहतात, आजींच्या नावासह आणि तारखेसह. पुढचा वाचक ठरवेल. अर्थ लावण्याचं काम गावच्या जिभेशिवाय पुरं होत नाही, म्हणून 2071च्या या दालनात प्राध्यापक आणि आजी एकाच मेजावर बसतात.

टेकाडावर पुन्हा, शेवटची गोष्ट

ताईनं निघण्यापूर्वी तुम्हाला टेकाडाची पलीकडची बाजू दाखवली होती. तिथे काहीच खणलेलं नव्हतं. नुसतं गवत. तिच्याकडे जमिनीच्या आत डोकावणारी यंत्रं होती. खाली भिंती आहेत, भट्टीसारखं काही आहे, हे तिला माहीत होतं. तरी तिनं तिथे पेन्सिलीएवढी मातीची कांडी काढून घेतली होती, बस.

"मोह होत नाही?" तुम्ही विचारलं होतं.

"रोज होतो. पण उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारं पान. वाचता वाचता ते संपतं. 1971च्या माणसांना जुन्या हाडातून डीएनए वाचता येईल याची कल्पना नव्हती. मला 2171ची नाही. त्यांच्यासाठी काही शिल्लक ठेवायला नको?"

आज

आता तुम्ही आजच्या तारखेला परत आला आहात आणि 2071चा तो चष्मा कोणी बनवेल याची काळजी तुम्ही करायची गरज नाही. तो बनेल. त्यात ठसठशीत काय दिसेल आणि रेघा किती उरतील, हे मात्र आपल्या हातात आहे, आणि आत्ताच आहे.

महाराष्ट्रात कितीतरी गावांच्या पांढरीची माती खत म्हणून शेतात गेली. रस्त्याला, वीटभट्टीला, सपाटीकरणाला गेली. ती परत येणार नाही. तुमच्या गावात असं टेकाड उरलं असेल, तर ते ग्रामसभेत बोलून राखा. नांगराला भांडं, नाणं, मूर्ती लागली, तर ती जागेवरून उचलण्याआधी तिचा आणि भोवतालच्या मातीचा फोटो काढा, आणि तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असं 1878चा निखात निधी कायदाच सांगतो. माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं असेल, तर ते रद्दीत घालू नका, वाळवीपासून वाचवा आणि आहे त्याच क्रमानं त्याचे फोटो घ्या. गावच्या ओढ्याचं, शिवाराचं नाव आणि जात्यावर बसणाऱ्या बायकांचं काम ज्यांना माहीत आहे, त्या आजींना बोलतं करा आणि आवाज साठवून ठेवा.

आणि जे काही जपाल त्याच्यासोबत एक चिठ्ठी ठेवा: काय आहे, कुठे मिळालं, गट नंबर कोणता, केव्हा, कोणी सांगितलं, आणि तुम्हाला नक्की काय ठाऊक आहे व तुमचा अंदाज काय आहे. अंदाज असेल तिथे "असावा" लिहायला संकोचू नका. एवढी चिठ्ठी लिहायला शाळेत शिकलेलं मराठी पुरेसं आहे, आणि ती तुमच्याखेरीज दुसरं कोणी लिहू शकणार नाही.